त्रेचाळीस सेंटिमीटर

पांढरओढा, जि. सांगली
१५ फेब्रुवारी २०२४

चि. बिरदेव यास नानाचा आशीर्वाद.

तू म्हणतोस, पत्र कशाला, फोन करा. बावीस वर्षं पंपगृहात काढल्यावर माझ्या कानात आता फक्त पंप उरलाय, आणि तो बंद करायची कळ कुणाकडं नाही. घरात फोन एकच, तुझ्या काकीचा. ती तुझं ऐकते आणि मला हातवारे करून सांगते. तुझं दहा मिनिटांचं बोलणं तिच्या हातात आलं की ‘बरा हाय, जेवला’ एवढंच शिल्लक राहतं. म्हणून पत्र.

शनिवारचं उद्घाटन झकास झालं असं सगळे म्हणतात. पाहुणे अकराचे दीडला आले. कालव्याच्या चारीचं पाणी मात्र आदल्या दिवशीच येऊन बसलं होतं. नऊ वर्षं मी इथं टेलला, चारीच्या शेवटच्या टोकाला, पाटकरी आहे, या चारीत पाणी वेळेच्या आधी आलेलं पहिल्यांदाच बघितलं. पाहुण्यांनी चारीवर बसवलेल्या तुझ्या पाणी मोजायच्या खोक्याला हार घातला, विचारलं, पाणी किती? तू लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवलास. त्रेचाळीस सेंटिमीटर. मी वाकून चारीतल्या मोजपट्टीवर बघितलं, पट्टीवरही त्रेचाळीसच. टाळ्या पडल्या. पट्टीवरचा आकडा मी नऊ वर्षं रोज सकाळी चिठ्ठीवर लिहून ऑफिसात पोचवायला एसटीच्या कंडक्टरकडं देतोय, एकदाही कुणी टाळी वाजवली नाही. सांगणारा भारी असावा लागतो, हेच खरं.

सोमवारी मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला. त्याच दिवशी वर कालव्यावर कुणीतरी दार टाकून पाणी तोडलं. पाणीही भाड्याचंच असावं.

आता मला एवढं सांग. हे खोकं कुणाशी बोलतं, कुठल्या भाषेत बोलतं, आणि माझी चिठ्ठी चालू ठेवायची का बंद करायची? कालवा निरीक्षक लालासाहेब म्हणतो, बंद. पण तो कधी काय म्हणेल ते त्यालाही माहीत नसतं.

काकी म्हणते, तू खोक्याजवळ उभ्या उभ्या भाकरी खाल्लीस ती तिला आवडली नाही. पुढच्या खेपेला बसून खायची. टँकर एका दिवसाआड येतो. मधल्या दिवशी ती चारीजवळच्या आपल्या अर्जुनाच्या विहिरीवरून दोन घागरी आणते. बाकी ठीक.

तुझा
नाना


सातारा
२४ फेब्रुवारी २०२४

ती. नाना,
सादर नमस्कार.

तुमचे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आले, त्यामुळे आधी सगळ्यांनी वाचले आणि मग मला मिळाले. मांडववाल्याचे वाक्य आमच्या वीरधवल साहेबांनाही आवडले. प्रकल्पाचे प्रमुख तेच.

खोक्याच्या भाषेचे नाव मॉडबस. १९७९ सालची आहे, म्हणजे माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. कारखाने, वीजकेंद्रे, पाणीयोजना, जगभर निम्मी यंत्रे हीच बोलतात, कारण ती फार साधी आहे. साताऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये एक मुख्य संगणक आहे. खाली छत्तीस खोकी. तो एकेकाला नंबराने हाक मारतो. तुमचा नंबर छत्तीस, सर्वांत शेवटचा. तो विचारतो, छत्तीस, पाण्याची उंची किती? छत्तीस तेवढाच आकडा सांगतो आणि गप्प होतो. दुसऱ्याचे चालू असताना कुणी तोंड उघडत नाही. न विचारता तर कुणीच बोलत नाही, अगदी चारी फुटून चालली तरी. उत्तराच्या शेपटाला एक पडताळणीचा आकडा असतो. वाटेत काही सांडले तर तो जुळत नाही आणि ते उत्तर फेकून देतात. उत्तर आलेच नाही तर तीनदा विचारतात.

भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर छत्तीस दिवे, छत्तीसही हिरवे. उद्घाटनापासून नव्वद दिवस ते असेच हिरवे राहिले की खाते काम ताब्यात घेणार आणि कंपनी मला कायम करणार. वीरधवल साहेबांनी तसा शब्द दिला आहे.

तुमची चिठ्ठी आता लागणार नाही. वाईट वाटून घेऊ नका. आठवड्यातून एकदा सोलर पॅनेलवरची धूळ तेवढी पुसत जा.

काकीला सांगा, पुढच्या वेळी मांडी घालून जेवेन.

तुमचा
बिरदेव


पांढरओढा
११ मार्च २०२४

चि. बिरदेव यास आशीर्वाद.

तुझी भाषा समजली. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं, आणि वरच्याचं दुसऱ्याशी चालू असताना मान खाली घालून उभं राहायचं. अरे, मी एकतीस वर्षं खात्यात दुसरं काय केलं? खोकं कशाला आणलंत, मलाच हिरवा रंग दिला असता तरी चाललं असतं.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस. तीनदा विचारून उत्तर नाही आलं, तर पुढं काय?

विचारायचं कारण सांगतो. सतरा फेब्रुवारीला खोक्यातली बॅटरी चोरीला गेली. मला वाटलं, साताऱ्याला त्याच मिनिटाला कळलं असणार, म्हणून मी निवांत राहिलो. खोक्यात आता एक पाल राहते. तिचाही नंबर छत्तीसच समज. पॅनेल मी तरीही पुसतो, तू सांगितलंस म्हणून.

चारी कोरडी आहे. बारा फेब्रुवारीपासून थेंब नाही. पट्टीवर त्रेचाळीसच्या आकड्यापाशी मुंग्यांनी वाट केलीय. चिठ्ठी बंद झाली तरी मी रोज सकाळी जातो, पट्टी बघतो, रजिस्टरला शून्य लिहितो. सवय.

गेल्या बुधवारपासून टँकर बंद झाला. सरपंच तालुक्याला गेला तर त्याला यादी दाखवली. ज्या गावाच्या चारीला पाणी चालू, त्याला टँकर नाही. आमच्या गावापुढं लिहिलंय ४३. मी लालासाहेबाला चारीवर आणून उभा केला. तो माझ्या डाव्या कानात ओरडतो, तेवढं थोडं पोचतं.

‘‘नानासो, पाणी येतंय की.’’

‘‘कुठं येतंय?’’

‘‘पडद्यावर.’’

‘‘आवं साहेब, तुमी उभं कशात हाय ते बघा की.’’

त्यानं खाली बघितलं. पायात धूळ. बुटावरची झटकली आणि म्हणाला, ‘‘मी बघून काय उपयोग? माझं बघणं सिस्टीममदी जात न्हाई.’’

माणूस खोटा नाही. फक्त त्याला नंबर दिलेला नाही.

आता काकी रोजच अर्जुनाच्या विहिरीवर जाते. पाणी खाली गेलंय, बायका पायऱ्या उतरून वाटीवाटीनं घागर भरतात. मी जातो म्हटलं तर म्हणते, तुम्हाला वरनं कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही, पडाल. मुद्दा बरोबर आहे.

तर बिरदेव, पाल त्रेचाळीस सांगत नसणार. कोण सांगतंय?

नाना


सातारा
१९ मार्च २०२४

ती. नाना, सा. न.

घाईत लिहितो. साइट छत्तीस सिस्टीमवर हेल्दी दिसते आहे. बॅटरीबद्दल तुम्ही लिहिलेत ते मी वीरधवल साहेबांच्या कानावर घातले. नवीन बॅटरीसाठी चोरीची लेखी तक्रार, पंचनामा आणि खात्याचे पत्र लागेल. आचारसंहिता लागल्यामुळे पत्र जूनपर्यंत निघेलसे वाटत नाही. तोवर तुम्ही तिथे कुणाशी वाद घालू नका. तुमची सेवानिवृत्ती जवळ आली आहे आणि इकडे माझेही नव्वद दिवस चालू आहेत. या दिवसांत रजा नाही, नाहीतर मी स्वतः आलो असतो.

टँकरचा विषय महसूलकडे आहे. आमचा त्याच्याशी संबंध नाही. आम्ही फक्त आकडा देतो.

एसटीने एक पार्सल पाठवले आहे. काकीसाठी चपला. उद्घाटनाला पाहिले होते, तिच्या टाचा फुटल्यात आणि जुन्या चपलेचा अंगठा तुटलाय. या जाड तळव्याच्या आहेत, विहिरीच्या पायऱ्यांवर घसरणार नाहीत.

पॅनेल पुसत राहा.

बिरदेव


मिरज
३ एप्रिल २०२४

चि. बिरदेव यास आशीर्वाद.

मिरजेला एका कामासाठी आलोय, पत्र इथल्याच पेटीत टाकतो.

पार्सल पोचलं. चपला मापाच्या आहेत. या फार दिवस टिकतील असं दिसतं. काकीला सध्या पाण्याला जावं लागत नाही.

वाद घालू नका म्हणालास, म्हणून वाद न घालता इकडं यायच्या आधी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. रजिस्टर घेऊन. नऊ वर्षांची पानं. साहेब चांगला माणूस, खुर्ची दिली, चहा दिला. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर कागद घेतला आणि लिहून बोलू लागला. तो कागद माझ्याकडं आहे, तसाच उतरवतो.

त्यानं लिहिलं: तुमच्या रजिस्टरवर सही कुणाची?

मी लिहिलं: माझी.

त्यानं लिहिलं: सिस्टीमच्या आकड्यावर कुणाचीच सही लागत नाही. म्हणून तो जास्त विश्वासार्ह.

मी लिहिलं: साहेब, गाडीत बसा, चाळीस मिनिटांत चारी दाखवतो.

त्यानं लिहिलं: मी डोळ्यांनी शून्य बघितलं तर मला तसा अहवाल द्यावा लागेल. अहवाल दिला तर यंत्रणा चुकीची ठरेल. यंत्रणेचं उद्घाटन झालेलं आहे.

मग त्यानं कागद मागितला, बहुतेक फाडायला. मी दिला नाही. चहा चांगला होता.

आधी मी दोन प्रश्न विचारले होते, तू चपला पाठवल्यास. रागानं म्हणत नाही. पण ते प्रश्न अजून तिथंच आहेत. तीनदा विचारून उत्तर नाही आलं तर तुझा संगणक काय करतो? आणि मेलेल्या खोक्याच्या तोंडात त्रेचाळीस कोण घालतं?

खोटी पडताळणी जोडू नकोस. मला कळेल.

नाना


सातारा
१५ एप्रिल २०२४

ती. नाना,

त्रेचाळीस मी घालतो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी छत्तीसपैकी नऊ दिवे लाल होते. कुठे रेंज नाही, कुठे उंदराने वायर खाल्ली. वीरधवल साहेब म्हणाले, ‘‘बिरदेव, पाहुण्यांना लाल दाखवायचं नाही. लाल म्हणजे अशुभ दिसतं.’’ सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते. तीनदा विचारून उत्तर नाही आले तर काय करायचे? एक म्हणजे ‘संपर्क नाही’ असे दाखवायचे. दुसरे म्हणजे शेवटचे जे चांगले उत्तर मिळाले होते, तेच धरून ठेवायचे. मी दुसऱ्यावर खूण केली. एका दिवसापुरती. ती खूण काही वाईट हेतूने ठेवलेली नसते नाना, क्षणभर रेंज गेली तर आकडा उडू नये म्हणून असते. दुसऱ्या दिवशी काढायला गेलो तर साहेब म्हणाले, राहू दे, नव्वद दिवसांचा प्रश्न आहे.

म्हणून तुमचे खोके ज्या दिवशी मेले, त्या दिवशी शेवटचा चांगला आकडा कुठला होता ते शोधले. बारा तारखेला पाणी बंद झाल्यावरचे शून्य त्याने सांगायला हवे होते. पण बाराला सकाळीच मांडववाल्याच्या ट्रकने अँटेना पाडली होती. ते कुणी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही. बॅटरी जायच्या आधीच खोके मुके झाले होते. पांढरओढ्यात अजून उद्घाटनाचेच पाणी वाहते आहे.

तुमचे मार्चचे पत्र आले तेव्हाच मला हे माहीत होते. मी चपला घ्यायला गेलो.

उद्या सकाळी ती खूण काढतो. मग पडद्यावर खरे दिसेल, आणि खरे दिसले की टँकर देणे भाग आहे. तुमच्या पत्रात काकीला पाण्याला जावे लागत नाही हे वाचून बरे वाटले. सरपंचाने काही सोय केली असावी. तिचा फोन तीन आठवडे लागत नाही, तिकडे रेंज गेली असेल. मी रोज एकदा लावतो. तिला म्हणावे, चपला घालून बघ आणि चावतात का ते सांग.

बिरदेव


पाटण
२८ एप्रिल २०२४

ती. नाना,

वरचा पत्ता बदललेला दिसेल. आधी घडले ते सांगतो.

सोळा तारखेला अकरा वाजता मी खूण काढली. भिंत लाल झाली. मला वाटले होते नऊ-दहा दिवे लाल होतील. एकवीस झाले. छत्तीसपैकी एकवीस गावांत आम्ही पाणी वाहतेच ठेवले होते. कंट्रोल रूममध्ये सहा जण होतो. वीस मिनिटे तो पडदा खरा होता. मी फोटो काढला आणि टँकरच्या यादीवाल्या साहेबांना पाठवला. त्यांनी उत्तर दिले, फोटो चालत नाही, सिस्टीममधूनच अहवाल आला पाहिजे.

मग वीरधवल साहेब आले. ओरडले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘गड्या, तुला वाटतं मला म्हाईत न्हाई? वरच्या साहेबांना म्हाईत न्हाई? सगळ्यांना म्हाईत हाय. पडदा म्हाईत व्हायला लावलेला न्हाई.’’ मग शेजारच्या साईराजकडे बघितले. साईराजने खूण परत केली. तो माझ्या बॅचचा, भला मुलगा आहे. भिंत पुन्हा हिरवी झाली. तुमच्यापुढे त्रेचाळीस आला.

मला पाटणला गोदामावर टाकले आहे. इथे माझ्याकडे दोनशे नवीन बॅटऱ्या आहेत, आणि एकही बाहेर द्यायचा अधिकार नाही.

नाना, आता मी विचारतो. फार उशिरा विचारतो आहे. काकी कशी आहे? तिचा फोन का लागत नाही? तुम्ही मिरजेला कशाला गेला होतात? लालासाहेबांना फोन केला तर ते एवढेच म्हणाले, ‘‘नानालाच इचार रं.’’

बिरदेव


पांढरओढा
५ मे २०२४

चि. बिरदेव यास आशीर्वाद.

विचारलंस, म्हणून सांगतो.

सव्वीस मार्चला काकी अर्जुनाच्या विहिरीत पडली. खालून चौथ्या पायरीवरून. बायका वरनं ओरडत होत्या. मी शंभर पावलांवर चारीच्या पट्टीपाशी उभा होतो, शून्य लिहीत. मला ऐकू आलं नाही. अर्जुना पळत येऊन हात धरून घेऊन गेला, तेव्हा समजलं. फोन तिच्या ओच्यात होता, तो पाण्यात गेला. फोन बुडेल एवढंच पाणी होतं, माणूस पडला तर झेलेल एवढं नव्हतं. खुब्याचं हाड मोडलं.

मिरजेला बावीस दिवस होतो. मागचं पत्र तिथल्या व्हरांड्यात बसून लिहिलं. पाण्याला जावं लागत नाही असं लिहिलं, ते खोटं नव्हतं. चपला खरंच टिकतील. उशाशी ठेवल्यात, तळवे कोरे आहेत.

तुला का कळवलं नाही? आई-बापामागं तिनं तुला सहा वर्षांचा असल्यापासून वाढवलं, कळवायला तर हवं होतं. पण तिनंच सांगितलं, ‘‘त्यानं इचारलं तर सांगा. न्हाई इचारलं तर त्याच्या नव्वद दिसात खोडा नगं.’’ दर पत्र आलं की मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचो. तू निरोप पाठवलेस, चपला पाठवल्यास, मापही बरोबर होतं. कशी आहे, हे मात्र तीन महिन्यांत परवा पहिल्यांदा विचारलंस. तुझ्याकडं ती उद्घाटनाच्या दिवसाचीच होती, भाकरी घेऊन उभी. शेवटचं चांगलं उत्तर. मीही ते तसंच राहू दिलं, म्हणजे खूण माझ्याकडूनही झाली.

आता ती घरी आहे. आवाज ओठांच्या बाहेर येत नाही, आणि आला असता तरी माझ्या कामाचा नव्हता. म्हणून आमचं आम्ही ठरवलंय. मी तिच्या मुठीत बोट देतो आणि विचारतो. पाणी पाहिजे तर एकदा दाबायचं, कूस बदलायची तर दोनदा. काही नको असलं तर नुसतं धरून ठेवायचं. ती आपण होऊन काही मागत नाही, म्हणून मीच तासातासाला विचारतो. तुझ्या संगणकापेक्षा एकच फरक, मला एकच खोकं आहे.

डॉक्टरनं कागदावर लिहून दिलंय, भरपूर पाणी पाजा. शिकलेला माणूस आहे, पण तालुक्याची यादी त्यानं बघितलेली नाही. विहिरीत आता मी उतरतो. ते तिला ठाऊक आहे. म्हणून मी पाणी विचारतो तेव्हा ती नुसतं धरून ठेवते. दिवसाला एक तांब्याही संपत नाही. रागावून बघितलं, हात जोडून बघितलं. ती हसते. मी खाली उतरू नये म्हणून ती पीत नाही, आणि ती प्यावी म्हणून मी उतरतो. या भांडणात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही.

ताप आहे. तू आलास तर बरं होईल. त्या बॅटऱ्या मोजायला दुसरा कुणीतरी मिळेल.

पत्र आज टाकायचं राहिलं. उद्याही राहील असं दिसतं, तिच्यापासून उठवत नाही.

९ मे, सकाळी

पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून खाली लिहितो.

अंगणात माणसं जमलीत. सगळ्यांची तोंडं हलताहेत, मला काही कळत नाही, म्हणून आत येऊन बसलोय. लालासाहेब तुला फोन लावायला बिरोबाच्या माळावर चढलाय, तिथं रेंज येते. हे पत्र पोचेल तेव्हा तू येऊन गेला असशील. तरी टाकतो. अहवाल आहे, वरच्याकडं जायला पाहिजे.

लालासाहेब जाताना माझ्या डाव्या कानात ओरडून गेला, दुपारपर्यंत टँकर आणतो. मयतीच्या टँकरला यादी बघत नाहीत म्हणे, तशी तरतूद आहे. कॅलेंडर समोरच टांगलंय. तुमचे नव्वद दिवस आज भरले.

तीनदा विचारून उत्तर नाही आलं तर पुढं काय, हे मी तुला मार्चात विचारलं होतं. माझ्यापुरतं सांगतो. सकाळी तिच्या मुठीत बोट दिलं आणि विचारलं. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. मग कुणीही सांगितलेलं नसताना चौथ्यांदा विचारलं. बोट सोडवून घेतलं, तिच्यावर पांघरूण घातलं आणि रोजच्यासारखा चारीवर गेलो. पट्टी बघितली. रजिस्टरला तारीख टाकून शून्य लिहिलं, खाली सही केली.

नाना